प्रक्रिया अध्ययन कारखाना, डार्मश्टाट

कामाची प्रक्रिया ओळखणे, मोजणे व सुधारणे हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाताने करायला लावणारी, जर्मनीतील डार्मश्टाट तंत्र विद्यापीठाची (स्था. १८७७) कार्यशाळा. ती २००७ मध्ये लिश्टवीझे परिसरात सुरू झाली.

व्यवसाय-प्रक्रिया व्यवस्थापन हा विषय वर्गात लवकर कोरडा होतो. चौकोन आणि बाण फळ्यावर काढता येतात. परंतु दोन कामांच्या मध्ये माल का तुंबतो, हे नोकरीचा अनुभव नसलेल्या विद्यार्थ्याला त्यांवरून उमगत नाही. येथे मात्र दाबाच्या हवेवर चालणारे सिलिंडर खरोखर तयार होतात. धातूचे कातकाम, जुळणी आणि तपासणी अशी साखळी विद्यार्थी स्वतः चालवतात. प्रत्येक टप्प्याचा वेळ घड्याळ लावून नोंदवतात आणि मूल्यप्रवाहाचा नकाशा काढतात. मग मांडणी बदलून तीच साखळी पुन्हा चालवतात. चुकलेला बदल लगेच टेबलावर साचलेल्या मालात दिसतो. परीक्षेतील गुणांपेक्षा हा निकाल अधिक बोलका.

कार्यालयीन प्रक्रियांच्या आरेखनाशीही या शहराचा संबंध आहे. सॉफ्टवेअर एजी ही कंपनी येथे १९६९ मध्ये स्थापन झाली. आउगुस्ट-व्हिल्हेल्म शेअर यांनी झारब्रुकेन येथे विकसित केलेली ‘एरिस’ ही आरेखन-प्रणाली २००९ नंतर तिच्याकडे आली. घटना आणि कार्य यांची आलटूनपालटून साखळी मांडणारी एरिसची पद्धत नवशिक्यांना सोपी जाते, मात्र मोठ्या प्रक्रियेत आकृती फार लांबते.

अशा अध्ययन कारखान्यांवरील पहिली परिषद २०११ मध्ये डार्मश्टाट येथेच भरली.