बालकांतील रक्तवाहिनी-अर्बुदे : वर्गीकरणाचा इतिहास आणि खानदेश

अर्भकाच्या अंगावरील तांबड्या डागाचे खापर दीर्घकाळ मातेच्या माथी फोडले गेले. गरोदरपणी ग्रहण न पाळल्याचा दोष महाराष्ट्रात तिला लागे. युरोपात तर ‘मातृजन्य डाग’ अशा अर्थाचे लॅटिन नावच रूढ होते.

एकोणिसाव्या शतकात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखो याने या गाठींची विभागणी वाहिन्यांच्या रचनेवरून केली. परंतु सारख्या दिसणाऱ्या गाठींची पुढील गती भिन्न का, याचा उलगडा तीतून होईना. १९३८ मध्ये लिस्टर याने अशा अनेक गाठी आपोआप ओसरतात असे नोंदविले. अखेर १९८२ मध्ये मलिकेन व ग्लोवाकी यांनी दोन मूलभूत भेद पाडले. अर्बुदात पेशी झपाट्याने वाढतात. वाहिनी-विकृतीत रचनादोष जन्मतःच असून तो बालकाबरोबर वाढतो. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने हाच भेद स्वीकारला. त्याचे व्यावहारिक मोल २००८ मध्ये प्रत्ययास आले. प्रोप्रॅनोलॉल या औषधाने अर्भकीय रक्तवाहिनी-अर्बुद ओसरते असे तेव्हा आढळले. विकृतीवर मात्र तो उपाय नव्हे.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे. आज दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरी निदानाच्या पहिल्या पायरीस यंत्र लागत नाही. डाग केव्हा दिसला आणि कसा वाढला, हे प्रथम मातेसच विचारावे लागते. एके काळची आरोपी अशा रीतीने शास्त्राची प्रमुख साक्षीदार ठरली आहे.