शहर स्वच्छ करणाऱ्याने हिशेब कोणाला द्यावा? मुंबई, १८६५ ते १९४८

१/
१८७१ च्या जूनअखेर मुंबईच्या टाउन हॉलमध्ये पालिकेच्या जमाखर्चावर सभा भरली. विषय रुक्ष, पण शहर तापलेले. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध ही सभा होती, त्याने सहा वर्षांत मुंबईची घाण उपसली होती आणि ते करताना पालिकेची तिजोरीही रिकामी केली होती. सार्वजनिक आरोग्यावरील खर्चाचा जाब कोणी, कोणाला द्यायचा, हा प्रश्न या वादात प्रथमच इतक्या उघडपणे विचारला गेला. मुंबई महापालिकेची निवडणूक त्याच प्रश्नातून जन्मली.

२/
पार्श्वभूमी कापसाची आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्यामागोमाग माणसांचाही आला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. एवढ्या माणसांसाठी घरे नव्हती, गटारे नव्हती, मैला वाहून नेण्याची पुरेशी व्यवस्थाही नव्हती.

३/
त्याच १८६४ साली डॉ. लीथ यांनी मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल दिला. दाट वस्तीतील तुंबलेल्या नाल्या, घरांमागच्या बोळांत साचणारा मैला, कोंदट खोल्या हे सारे त्यांनी नोंदवले. विहार तलावाचे पाणी १८६० पासून शहराला मिळू लागले होते. पण वापरलेले पाणी बाहेर नेण्याची सोय त्या मानाने मागेच राहिली. पटकी आणि ताप हे शहराचे नित्याचे सोबती होते.

४/
तोवर शहराचा कारभार १८५८ च्या कायद्याने नेमलेल्या तीन आयुक्तांकडे होता. तिघांत जबाबदारी वाटली गेल्यामुळे ती कोणा एकावर ठरवता येत नसे. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६५ चा नवा कायदा झाला आणि कार्यकारी सत्ता एकाच आयुक्ताच्या हाती आली. त्याच्या जोडीला आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता आणि हिशेबनियंत्रक ही पदे निर्माण झाली.

५/
या आयुक्तावर लक्ष ठेवायचे कोणी? कायद्याने ते काम ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळीवर सोपवले. हे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक : युरोपीय व्यापारी, पारशी शेटिये, हिंदू व मुसलमान धनिक. अंदाजपत्रकाला मंजुरी देणे त्यांच्याकडे होते. मात्र त्यांना लोकांनी निवडलेले नव्हते, त्यामुळे लोक त्यांना काढूही शकत नव्हते. पाहारेकरी होता, पण त्याच्यावर पहारा नव्हता.

६/
पहिला आयुक्त झाला आर्थर क्रॉफर्ड. त्याच्यासोबत आरोग्य अधिकारी म्हणून डॉ. हेवलेट आले. क्रॉफर्डने कामाचा सपाटा लावला. मैला उचलण्याची व्यवस्था पालिकेच्या देखरेखीखाली आणली, नाल्या उपसल्या, रस्ते रुंद केले, कत्तलखाना वांद्र्याला हलवला. दुर्गंधी पसरवणाऱ्या धंद्यांना दाट वस्तीतून बाहेर काढण्याची मोहीम उघडली. भाजी, फळे आणि मांस यांच्यासाठी एक भव्य मंडई उभी राहिली. तिला त्याचेच नाव मिळाले. आज ती महात्मा जोतिबा फुले मंडई आहे.

७/
परिणाम दिसू लागला. पहिल्या काही वर्षांत शहरातील मृत्यू लक्षणीय घटले. पण इतिहासाने येथे थोडे थांबावे. १८६५ मध्ये कापसाचा फुगा फुटला, कामधंदा बुडालेले असंख्य लोक गावी परतले आणि १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ वर आली. माणसेच कमी झाली तर मृत्यूही कमी होणार. तरीही स्वच्छतेचा वाटा त्या काळच्या अनेकांनी, क्रॉफर्डच्या विरोधकांनीही, मान्य केला होता.

८/
पैसा कोठून येत होता? घरपट्टी, पोलीसपट्टी, दिवाबत्तीचा कर, हलालखोरांच्या कामासाठीची पट्टी, गाड्यांवरील कर आणि शहरात येणाऱ्या मालावरील जकात. तेजीच्या काळात हे ओझे जाणवले नाही. मंदीत घरभाडी कोसळली, घरे ओस पडली, पण पट्टी तशीच राहिली. त्यातच पोलिसांच्या खर्चाचा भारही सरकारने पालिकेच्या माथी मारला होता. कर भरणाऱ्याला नाली साफ दिसत होती आणि आपला खिसाही.

९/
क्रॉफर्डची कार्यपद्धती साधी होती : काम आधी, मंजुरी नंतर. अंदाजपत्रकातील मर्यादा ओलांडल्या जात, आणि काम उभे राहिल्यावर मंजुरी मागितली जाई. उभ्या राहिलेल्या कामाला नकार कसा द्यायचा? बहुतेक जस्टिस सभांना फिरकत नसत. जे येत ते आकडे खोलात जाऊन तपासत नसत. देणी वाढत गेली आणि १८७० च्या सुमारास पालिका कर्जात रुतल्याचे उघड झाले.

१०/
मग आंदोलन पेटले. टाउन हॉलच्या सभेत जे. ए. फोर्ब्स यांनी आयुक्ताची एकहाती सत्ता मोडून काढण्याची मागणी केली. करदात्यांची बाजू लावून धरणाऱ्यांत नवरोजी फर्दुनजी अग्रभागी होते. आरोप उधळपट्टीचा आणि मनमानीचा होता. या मंडळींना स्वच्छता नको होती असे समजणे अन्यायाचे ठरेल. आमच्या पैशाने होणाऱ्या कामाची मर्यादा आम्हाला ठरवू द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

११/
याच वादात एक २६ वर्षांचा बॅरिस्टर उतरला. १८६८ मध्ये इंग्लंडहून परतलेले फिरोजशहा मेहता. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पालिका सुधारणेवर निबंध वाचला. करदात्यांचा रोष शिगेला पोहोचलेला असताना त्यांनी क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली. लोकमताच्या प्रवाहाविरुद्ध घेतलेली ही भूमिका अर्थातच लोकप्रिय नव्हती.

१२/
मेहतांचा युक्तिवाद दोन पायांवर उभा होता. पहिला : रोगराईशी झुंजणाऱ्या शहराला निर्णय घेणारा एक जबाबदार अधिकारी हवाच. ती सत्ता समितीच्या हाती दिली, तर पूर्वीच्या तीन आयुक्तांचीच कथा पुन्हा घडेल. चूक झाली तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

१३/
दुसरा पाय अधिक महत्त्वाचा. आयुक्ताने मर्यादा ओलांडली, कारण त्याला रोखायचे ज्यांचे काम होते ते झोपले होते. आणि ते झोपू शकले, कारण त्यांना जागे करण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. म्हणून आयुक्ताचे हात बांधण्यापेक्षा जस्टिसांच्या जागी करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी आणावेत. काम करणारा समर्थ असावा, त्याचा हिशेब घेणारा लोकांना बांधील असावा.

१४/
क्रॉफर्डने त्याच वर्षी पद सोडले. १८७२ मध्ये नवा कायदा झाला. महापालिकेत ६४ सदस्य : ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिसांनी निवडलेले, १६ सरकारनियुक्त. आयुक्ताचे पद राहिले आणि त्याची नेमणूकही सरकारकडेच राहिली. पण खर्चावर नजर ठेवण्यासाठी १२ जणांचे टाउन कौन्सिल आले. मेहतांच्या मांडणीचा गाभा बऱ्याच अंशी कायद्यात उतरला होता. पुढे ते स्वतः महापालिकेचे अध्यक्षही झाले.

१५/
१८८८ च्या कायद्याने ही चौकट पक्की केली. विधिमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी निर्वाचित सभागृहाचे अधिकार राखण्यासाठी झुंज दिली. टाउन कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली. या कायद्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. गटारे, मैला व कचरा हटवणे, रोगप्रतिबंध ही त्यांतलीच. कलम ६३ मध्ये ऐच्छिक कामे आहेत. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा मुंबईत आजही लागू आहे.

१६/
‘बंधनकारक’ या शब्दाचे वजन येथे ओळखावे. क्रॉफर्डच्या काळात शहराची सफाई ही बरीचशी एका अधिकाऱ्याच्या धडाडीवर अवलंबून होती. १८८८ नंतर ती संस्थेची कायदेशीर जबाबदारी ठरली. माणूस बदलला तरी कर्तव्य बदलणार नाही, अशी ही तजवीज होती.

१७/
योगायोग असा की त्याच १८८८ साली ‘क्रॉफर्ड प्रकरण’ गाजले. मध्य विभागाचा आयुक्त म्हणून पुण्यात असताना त्याच्यावर मामलतदारांकडून लाच घेतल्याचे आरोप झाले. चौकशी आयोगाने लाचखोरी सिद्ध मानली नाही; हाताखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल मात्र त्याला नोकरी गमवावी लागली. अभय मिळेल या भरवशावर साक्ष दिलेले मामलतदार अडचणीत आले, तेव्हा टिळकांनी त्यांची बाजू उचलून धरली. मुंबईतला १८७१ चा आरोप उधळपट्टीचा होता, लाचेचा नव्हे. दोन्ही प्रकरणे एकमेकांत मिसळू नयेत.

१८/
आता या कथेची दुसरी बाजू. १८७२ च्या कायद्यात मत कोणाला होते? वर्षाला किमान ५० रुपये पट्टी भरणाऱ्याला. म्हणजे चाळीचा मालक मतदार, चाळीत राहणारी शेकडो माणसे नव्हेत. ज्या हलालखोरांच्या डोक्यावरच्या पाट्यांतून शहराचा मैला वाहून जाई, त्यांचा तर प्रश्नच नव्हता. हिशेब करदात्याला मिळू लागला. रोगाने मरणाऱ्याला नाही.

१९/
याची किंमत १८९६ मध्ये दिसली. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ते स्वतः महापालिकेचे सदस्य होते. जवळपास २५ वर्षे मतदारांपुढे हिशेब मांडणाऱ्या शहरात श्रमिकांच्या खोल्या तशाच अंधाऱ्या आणि दमट होत्या. चाळ सुधारायची तर चाळमालकाच्या खिशाला हात घालावा लागे, आणि निवडून देणारा तर तोच होता.

२०/
साथ पसरताच लाखो लोक शहर सोडून गेले. त्या वेळी आयुक्त स्नो यांना मोठी धास्ती होती ती सफाई कामगार आणि हलालखोर निघून जाण्याची. ते गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. रुग्णांना सक्तीने हलवण्यासारखे कठोर उपाय काही काळ सौम्य करण्यामागे ही भीतीही होती. मत नसलेल्या माणसांवर सगळे शहर कसे तोलून धरलेले आहे, ते प्लेगने दाखवून दिले.

२१/
मताधिकार हळूहळू रुंदावला. १९२२ मध्ये भाडेकरूंना तो मिळाला, तोही भाड्याच्या अटीवर. सर्व प्रौढांच्या मतावर आधारलेली महापालिकेची पहिली निवडणूक झाली १९४८ मध्ये. आयुक्ताने करदात्यांच्या प्रतिनिधींना जाब द्यावा, हे मुंबईने १८७२ मध्येच मान्य केले होते. ज्यांच्या हातांनी ती सफाई होत होती आणि ज्यांच्या वस्त्यांत ती सर्वांत उशिरा पोहोचत होती, त्यांना मताने तोच जाब विचारता यायला १८६५ पासून मोजली तर ८३ वर्षे लागली.