बेडकाचे माप

केनेथ ग्रॅहम यांचे ‘द विंड इन द विलोज’ १९०८ साली लंडनला प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात मुखचित्राखेरीज एकही चित्र नव्हते. मुलाला, ॲलेस्टरला, सांगितलेल्या गोष्टींतून हे पुस्तक घडले होते.

चित्रकारांपुढे खरी अडचण मापाची होती. यातला बेडूक मोटार हाकतो, धोबिणीचे कपडे चढवून तुरुंगातून निसटतो, तरी कोणाला संशय येत नाही. पुढे एक नाववाली मात्र त्यालाच तंगडी धरून कालव्यात भिरकावते. शब्दांना हे चालते. ऐकणारे मूल बेडकाला हवे तसे लहानमोठे करते. रेघेला माप ठरवावेच लागते.

तरीही चित्रे येत राहिली. १९३१च्या आवृत्तीसाठी अर्नेस्ट शेपर्ड थेम्सकाठी पँगबर्नला जाऊन ग्रॅहम यांना भेटले. ॲलेस्टरला जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी ग्रॅहमही गेले. आर्थर रॅकहॅम यांनी पूर्वी हे काम नाकारले होते. अखेरच्या आजारपणात त्यांनी ते हाती घेऊन पुरे केले. १९३९मध्ये ते वारले आणि त्यांची चित्रे १९४०मध्ये छापून आली.

एकच सचित्र आवृत्ती घरात असली, की तिच्यातला बेडूक हाच खरा बेडूक होऊन बसतो. तिच्याशेजारी दुसरी ठेवली, की मुलाला उमगते: ही तर दोघांची दोन वाचने. मग तिसऱ्या बेडकाला, त्याच्या स्वतःच्या बेडकाला, पुन्हा जागा होते.