एक जोडणी, अनेक संगणक

एका संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे ‘व्हर्च्युअल मशीन’ अर्थात आभासी संगणक. त्याला स्वतःचे यंत्र नसते. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वाटा त्याला यजमान संगणकाकडून मिळतो. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर रुजलेली ही कल्पना व्हीएमवेअर वर्कस्टेशन (१९९९) आणि व्हर्च्युअलबॉक्स (२००७) यांनी घरगुती संगणकापर्यंत आणली. वसईतील विद्यावर्धिनी, विरारमधील विवा यांसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या परिसरात विंडोजच्या लॅपटॉपवर लिनक्स चालवून पाहणारा विद्यार्थी नवलाचा नाही. घरात इंटरनेटची जोडणी एकच असताना ती या आतल्या संगणकाला कशी मिळते, हा प्रश्न त्याच्यापुढे ओघानेच येतो.

आभासी संगणकाला एक आभासी नेटवर्क कार्ड दिलेले असते. त्याचे दुसरे टोक कोठे जोडायचे, यावरून तीन प्रमुख पद्धती पडतात. वसई-विरारमध्ये जागोजागी दिसणाऱ्या गृहनिर्माण सोसायट्यांचे उदाहरण घेतले, तर त्यांतील फरक सहज ध्यानात येतो.

पहिली पद्धत ‘नॅट’, म्हणजे पत्त्यांचे रूपांतर. सोसायटीतून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर फक्त इमारतीचा पत्ता घालावा आणि ते कोणत्या सदनिकेचे, याची नोंद रखवालदाराने वहीत ठेवावी, तसा हा प्रकार. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आभासी संगणकाला सहसा १०.०.२.१५ हा अंतर्गत पत्ता मिळतो. बाहेर मात्र यजमानाचाच पत्ता दिसतो. उत्तर आले की पोर्ट क्रमांकाच्या नोंदीवरून ते आत पोहोचवले जाते. नोंद नसलेली विनंती दारातूनच परत जाते. बाहेरून आत येऊ द्यायचे असल्यास ‘पोर्ट फॉरवर्डिंग’चा नियम लिहावा लागतो, उदाहरणार्थ, यजमानाच्या २२२२ या पोर्टवर आलेली विनंती आतील २२ क्रमांकाकडे वळवणे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील सुमारे ४२९ कोटी पत्ते अपुरे पडणार, हे ओळखून १९९४ मध्ये हे तंत्र मांडले गेले. घरचा राऊटरही हेच करतो. त्यामुळे आभासी संगणकाच्या माहितीचा पत्ता वाटेत किमान दोनदा बदलतो.

दुसरी पद्धत ‘ब्रिज्ड’. येथे आभासी संगणक सदनिकेत न राहता रस्त्यावर स्वतःचे घर थाटतो. राऊटर त्याला स्वतंत्र पत्ता देतो आणि घरातील इतर संगणक, मोबाइल व प्रिंटर यांना तो थेट दिसतो. सर्व्हरच्या सरावासाठी हे सोयीचे. मात्र वाय-फाय जोडणीत एका उपकरणामागे एकच मॅक पत्ता गृहीत धरलेला असल्याने ही पद्धत कधी कधी अडखळते. केबल अधिक भरवशाची ठरते. केवळ नोंदणीकृत उपकरणांनाच प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयीन किंवा कार्यालयीन नेटवर्कवरही तिला अटकाव होऊ शकतो.

तिसरी पद्धत ‘होस्ट ओन्ली’. ही सोसायटीतील इंटरकॉमसारखी. यजमान आणि आभासी संगणक आपसांत बोलतात, बाहेरच्या जगाशी संबंध नाही.

निवडीचा निकष सोपा आहे. फक्त बाहेर जायचे असेल तर नॅट. इतरांनी आत येणे आवश्यक असेल तर ब्रिज्ड. बाहेरचा संबंधच नको असेल तर होस्ट ओन्ली. परंतु नॅट म्हणजे तटबंदी नव्हे. रखवालदार अनोळखी पाहुण्याला अडवतो, बाहेर पडणाऱ्या रहिवाशाला नाही. आभासी संगणकात शिरलेला घातक प्रोग्राम नॅटमधूनही इंटरनेटवर आणि घरातील इतर उपकरणांपर्यंत पोहोचू शकतो. त्याने बाहेर केलेल्या उपद्रवावर पत्ता उमटतो तो त्या घराच्या जोडणीचा. म्हणून संशयास्पद फाइल उघडून पाहण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन आभासी नेटवर्क कार्ड बंद करणे हेच श्रेयस्कर.