हिरव्या पानाचा लाल रंग

बंगळुरूच्या लालबागेत मोबाइलचा कॅमेरा एखाद्या पानाच्या अगदी जवळ नेला, की त्याचा ओळखीचा आकार हरवतो आणि शिरांचे जाळे तेवढे उरते. त्या छायाचित्रावर फिल्टर चढवून कडा ठळक केल्या, हिरव्याच्या जागी लाल आणला, की एक अमूर्त चित्र तयार होते. हा खेळ आजचा वाटतो. परंतु हिरवे पान लाल दाखवण्याची रीत भारतीय विज्ञानात पन्नास वर्षांहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात नारळाच्या एका रोगाच्या शोधात झाली.

पान हा छायाचित्रणाचा अगदी आरंभीचा विषय. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर पान ठेवून ते उन्हात धरले, की त्याची आकृती उमटे. कॅमेऱ्याचीही गरज नसे. १९१० मध्ये रॉबर्ट वुड यांनी अवरक्त प्रकाशात घेतलेली निसर्गदृश्ये प्रसिद्ध केली. त्यांत झाडांची पालवी बर्फासारखी पांढरी दिसत होती.

त्याचे कारण पानाच्या रचनेत आहे. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते. निकट-अवरक्त प्रकाश मात्र शोषत नाही. पानातील पेशी आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्या त्या प्रकाशाला विखुरतात, म्हणून निरोगी पान त्याचा जवळजवळ निम्मा भाग परत पाठवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेल्या खास फिल्मवर हा अदृश्य प्रकाश लाल रंगात उमटे. त्यामुळे खरी पालवी लाल दिसे आणि हिरवा रंग फासलेले लपवणीचे आच्छादन उघडे पडे.

भारतात हे तंत्र आणणारे पी. आर. पिशारोटी हे तरुणपणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ते संस्थापक संचालकही होते. रामन स्वतः साठच्या दशकात बंगळुरूत फुलांच्या रंगांचा आणि दृष्टीच्या शरीरक्रियेचा अभ्यास करीत होते. त्याच दशकाच्या अखेरीस पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमधील नारळबागांची अवरक्त-संवेदी फिल्मवर हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेतली. मुळांच्या मर रोगाने तेथील बागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोखरल्या जात होत्या. रोगट माड निरोगी माडांहून निराळ्या छटेत उमटले. भारतातील दूरसंवेदनाचा इतिहास या प्रयोगापासून मोजतात.

पुढे फिल्मची जागा अंकांनी घेतली. बंगळुरूत घडवलेला आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याचे कॅमेरे निळा, हिरवा, तांबडा आणि निकट-अवरक्त असे चार पट्टे स्वतंत्रपणे नोंदवत. संगणकावर अवरक्ताला लाल, तांबड्याला हिरवा आणि हिरव्याला निळा रंग दिला, की शेते आणि जंगले लाल दिसू लागत. या 'छद्मवर्णी' प्रतिमा अनोळखी माणसाला अमूर्त चित्रासारख्याच भासतात. जाणकाराला मात्र त्यांत पिकांची स्थिती वाचता येते, कारण कोणता रंग कशासाठी वापरला, याची नोंद प्रतिमेसोबत असते.

मोबाइलवरील फिल्टरही आतून असेच अंकगणित करतो. कडा शोधताना तो प्रत्येक बिंदूची त्याच्या शेजाऱ्यांशी तुलना करतो. रंग बदलताना एका संख्येच्या जागी दुसरी ठेवतो. मात्र नेहमीच्या मोबाइल कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते. त्यामुळे त्याने टिपलेले पान कितीही लाल केले, तरी ते निरोगी आहे की आजारी, हे त्या लालीवरून कळणार नाही. जी माहिती कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलीच नाही, ती कोणताही फिल्टर निर्माण करू शकत नाही.

म्हणूनच लालबागेतील पानाचे चित्र कला म्हणून मोकळेपणाने रंगवावे. विज्ञानाची प्रतिमा समोर आली, तर मात्र तिच्या रंगांवर भाळण्याआधी प्रत्येक रंग कोणत्या प्रकाशाच्या जागी उभा आहे, हे विचारावे. नारळाच्या बागेत शेतकऱ्याचा माड वाचवू पाहणाऱ्यांना याच प्रश्नाचे उत्तर हवे होते.