उमरीची बँक आणि शस्त्रापूर्वीचे मन

१/
३० जानेवारी १९४८. दिल्लीत बिर्ला भवनात महात्मा गांधींची हत्या झाली. त्याच दिवशी निजामाच्या राज्यातील उमरी येथे हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर सशस्त्र तुकडीने छापा घातला. छापा घालणारे कार्यकर्ते गांधींना नेता मानणाऱ्या स्टेट काँग्रेसचे होते. अहिंसेत वाढलेली ही माणसे बंदुकीपर्यंत कशी पोहोचली आणि त्यासाठी मनाला काय ठरवावे लागले, त्याविषयी हा धागा.

२/
हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बंदी आली. उत्तर म्हणून सत्याग्रह झाला. चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे त्यांनी विद्यार्थी घडविले होते. कार्यकर्त्यांना मिळालेले शिक्षण एकच होते : कायदा उघडपणे मोडावा, मार सोसावा, तुरुंगात जावे, हात उगारू नये.

३/
१९४६ नंतर परिस्थिती पालटली. लातूरचा वकील कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि रझाकार संघटना फोफावली. ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोली तालुक्यातील अर्जापूर येथे स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीनीकरणासाठी सत्याग्रह सुरू झाल्यावर दडपशाही वाढली आणि गावोगाव लुटालूट व जाळपोळ होऊ लागली.

४/
येथे सत्याग्रहीपुढे खरा पेच उभा राहिला. स्वतःच्या डोक्यावर लाठी झेलणे हा त्याचा निर्णय होता. परंतु शेजाऱ्याचे घर जळत असताना, त्याच्या लेकीबाळी भयाने रानात पळत असताना, त्यांच्या वतीने सहन करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला होता?

५/
या प्रश्नाला गांधींनी पूर्वीच उत्तर दिले होते. १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. आपण तेथे असतो तर काय करावयास हवे होते, असे थोरल्या मुलाने विचारले. बळ वापरूनही पित्याचे रक्षण करणे हे तुझे कर्तव्य होते, असे गांधींनी सांगितले. १९२० च्या ‘यंग इंडिया’तील लेखात हा प्रसंग देऊन त्यांनी भ्याडपणा आणि हिंसा यांतच निवड उरली तर हिंसेची निवड सांगितली. मात्र अहिंसा अनंतपटीने श्रेष्ठ, हेही त्याच लेखात बजावले.

६/
अनुज्ञा मिळाली तरी मन तयार होतेच असे नाही. आयुष्यभर जी गोष्ट पाप मानली, ती कर्तव्य म्हणून करावयाची. त्यातही दोन धोके : ऐनवेळी हात थिजणे, किंवा एकदा उठलेला हात खाली न येणे. पहिल्या धोक्यावर कवायत हा उपाय होता. दुसऱ्यासाठी शस्त्र कोणावर, कोणाच्या आज्ञेने आणि कोठवर चालवायचे, हे आधी ठरलेले असावे लागते.

७/
जानेवारी १९४८ मध्ये स्वामीजी पुन्हा तुरुंगात होते. बाहेर दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृतिसमिती लढा चालवीत होती. राज्याच्या सीमेबाहेर, भारतीय हद्दीत केंद्रे उभी राहिली होती. पैनगंगेपलीकडील उमरखेड हे त्यांपैकी एक. करोडगिरी नाके, पोलीस चौक्या आणि रझाकारांची ठाणी ही या केंद्रांची लक्ष्ये होती. म्हणजे बंदूक व्यक्तीच्या हाती होती, तरी निर्णय एकट्या व्यक्तीचा नव्हता.

८/
उमरीचा छापा याच केंद्रातून झाला. साहेबराव बारडकर, नागनाथ परांजपे, आबासाहेब लहानकर यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. सुमारे वीस लाख रुपये हाती आले. हैदराबाद स्टेट बँक ही निजाम सरकारची बँक. राज्याच्या उस्मानिया चलनाचा कारभारही तिच्याकडे. त्यामुळे हा घाव एखाद्या सावकाराच्या तिजोरीवर नसून राजसत्तेच्या खजिन्यावर होता.

९/
तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवावी लागेल. दारात आलेल्या रझाकारावर बंदूक रोखणे आणि बँकेवर चालून जाणे, ही एकच कृती नव्हे. स्वसंरक्षणाला शस्त्रे लागतात, शस्त्रांना पैसा लागतो, पैशासाठी छापा घालावा लागतो. या साखळीतील प्रत्येक कडी समर्थनीय वाटते आणि प्रत्येक कडीगणिक माणूस स्वतःच्या उंबरठ्यापासून दूर जातो.

१०/
म्हणूनच उमरीची खरी कसोटी छाप्यानंतर लागली. एवढी रक्कम, तीही युद्धसदृश धामधुमीत, हातोहात नाहीशी होणे अवघड नव्हते. ती लढ्याचा निधी म्हणून जमा झाली आणि पुढे तिचा हिशेब सादर करण्यात आला. दरोडा आणि छापा यांतील सीमारेषा त्या हिशेबाच्या वहीत होती.

११/
दुसरी कसोटी शस्त्र खाली ठेवण्याची. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा राज्यात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र लढ्याचे प्रयोजन तेथे संपले. तेलंगणात मात्र कम्युनिस्टांचा लढा जमिनीच्या प्रश्नावरही उभा होता. तो १९५१ पर्यंत चालला.

१२/
याच पर्वाचे एक काळे पान मराठवाड्यात पुष्कळदा उलटले जात नाही. पोलीस कारवाईनंतर अनेक ठिकाणी मुसलमान रहिवाशांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. आजचे लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. सशस्त्र टोळ्यांबरोबर काही ठिकाणी लष्कर व पोलिसांतील माणसांवरही समितीने ठपका ठेवला.

१३/
त्याच अहवालात मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी झुंजलेल्या हिंदू विणकरांचीही नोंद आहे. भय सर्वांनी सारखेच भोगले होते. काहींच्या मनात त्याचा सूड झाला; या विणकरांनी मात्र आपले रक्षण आणि शेजाऱ्याचे रक्षण यांत भेद केला नाही.

१४/
उमरीच्या छाप्याची आठवण पराक्रम म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. त्या पराक्रमासोबत आज्ञा देणारी समिती, पैशाचा हिशेब आणि लढ्याला घातलेली मुदत यांचीही आठवण सांगितली जावी. १९४८ च्या सप्टेंबरात ज्यांच्या हाती शस्त्र होते, पण यांपैकी एकही बंधन नव्हते, त्यांनी काय केले हे याच जिल्ह्यांनी पाहिले आहे.