ख्रिस्ती युवा सेवाकार्याचे पदव्युत्तर शिक्षण

ख्रिस्ती युवा सेवाकार्याचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे चर्चमध्ये किंवा चर्चशी संलग्न संस्थांमध्ये किशोरवयीन मुलामुलींसाठी व तरुणांसाठी पूर्णवेळ काम करू इच्छिणाऱ्यांना पदवीनंतर दिले जाणारे ईश्वरवैज्ञानिक आणि व्यावसायिक शिक्षण होय. या शिक्षणाचा विस्तार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रोटेस्टंट सेमिनऱ्यांमध्ये झाला. मराठी मंडळ्यांमध्ये ज्याला 'तरुण संघ' म्हणतात, त्याची जबाबदारी बहुधा पाळक आणि स्वयंसेवक वाहतात. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामासाठी 'यूथ पास्टर' हे स्वतंत्र पगारी पद रूढ झाले आणि त्या पदासाठी कोणते शिक्षण असावे, हा प्रश्न उभा राहिला. युवा सेवाकार्य ही पाळकपदाकडे जाण्याची केवळ पहिली पायरी आहे की आयुष्यभर करावयाचे स्वतंत्र सेवाकार्य आहे, या वादावर शिक्षणक्रमांचे स्वरूप बरेचसे अवलंबून राहिले आहे.

पार्श्वभूमी

युवा सेवाकार्यात संस्था आधी निर्माण झाल्या. विद्यापीठीय शिक्षण पुष्कळ नंतर आले. लंडनमधील कापडाच्या पेढीत काम करणारे जॉर्ज विल्यम्स यांनी ६ जून १८४४ रोजी सहकाऱ्यांसह वाय.एम.सी.ए.ची स्थापना केली. शहरात नोकरीसाठी आलेल्या तरुणांना प्रार्थना आणि बायबल अभ्यासासाठी एकत्र आणणे हा तिचा मूळ हेतू होता. अमेरिकेतील मेन राज्यातील पोर्टलंड येथे पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी १८८१ मध्ये 'ख्रिश्चन एन्डेव्हर' ही संघटना सुरू केली. तीत तरुणांनी प्रतिज्ञा घेऊन आपल्या सभा स्वतः चालवाव्यात, अशी पद्धत होती.

अशा कामासाठी माणसे तयार करणाऱ्या आरंभीच्या संस्थांपैकी एक म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.चे प्रशिक्षण विद्यालय. तेथील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. नेस्मिथ यांनी माँट्रियल येथे ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेतले होते, ही गोष्ट क्रीडाविषयक लेखनात सहसा मागे पडते. याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. भारतातील शारीरिक शिक्षणाच्या पहिल्या महाविद्यालयांत त्याची गणना होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेत माध्यमिक शाळेतील किशोर हा एक वेगळा सामाजिक वर्ग म्हणून पुढे आला. डॅलस येथील सेमिनरीत शिकत असताना जिम रेबर्न यांच्यावर टेक्ससमधील गेन्सव्हिल गावातील चर्चने, चर्चकडे न फिरकणाऱ्या शाळकरी मुलांची जबाबदारी सोपवली. त्या अनुभवातून १९४१ मध्ये 'यंग लाइफ' ही संस्था उभी राहिली. १९४० च्या दशकातच 'यूथ फॉर ख्राइस्ट' ही चळवळ वाढली. सुवार्तिक बिली ग्रॅहम हे तिचे पहिले पूर्णवेळ कार्यकर्ते होते. या संस्थांचे कार्यकर्ते प्रत्यक्ष कामातूनच शिकत. पुढे स्थानिक चर्चनीही तरुणांसाठी पगारी माणूस नेमण्यास सुरुवात केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस माइक याकोनेली व वेन राइस यांनी सुरू केलेल्या 'यूथ स्पेशॅलिटीज' या संस्थेने खेळ, उपक्रम आणि चर्चाविषयांचे संग्रह प्रकाशित केले, मेळावे भरवले. ही सामग्री अतिशय उपयुक्त ठरली. मात्र शुक्रवारची संध्याकाळ रंगवता येणे म्हणजेच युवा सेवाकार्य, असा समजही तिच्या लोकप्रियतेबरोबर पसरला आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य रोख त्याच समजावर राहिला.

पदव्या आणि अभ्यासक्रम

अमेरिकेत या क्षेत्रात येणाऱ्यांसमोर साधारणपणे दोन मार्ग असतात. पहिला 'मास्टर ऑफ डिव्हिनिटी' ही पदवी. ती सुमारे तीन वर्षांची असून अनेक पंथांत पाळकीय दीक्षेसाठी तीच अपेक्षित असते. दुसरा मार्ग युवा सेवाकार्य किंवा ख्रिस्ती शिक्षण या विषयातील 'मास्टर ऑफ आर्ट्स' या पदवीचा. तिला साधारण दोन वर्षे लागतात. उत्तर अमेरिकेतील ईश्वरविज्ञान संस्थांना मान्यता देणाऱ्या 'असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स' या संघटनेच्या २०२० च्या निकषांनुसार पहिल्या पदवीसाठी किमान ७२, तर दुसरीसाठी किमान ३६ श्रेयांक लागतात. हा फरक केवळ कालावधीचा नाही. दीर्घ पदवीत बायबलच्या मूळ भाषा म्हणजे हिब्रू व ग्रीक, चर्चचा इतिहास, सिद्धान्त आणि उपदेशशास्त्र यांना पुरेशी जागा मिळते. लहान पदवीत यांतील काही विषय आटोपते घ्यावे लागतात. लहान पदवी घेतलेली व्यक्ती पुढे दीक्षेसाठी पात्र ठरेलच असे नाही. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या पंथाचे नियम पाहणे विद्यार्थ्यास आवश्यक ठरते.

विषयांमध्ये किशोरावस्थेचे मानसशास्त्र अग्रस्थानी असते. एरिक एरिक्सन यांची 'स्व-ओळखी'ची उपपत्ती आणि श्रद्धेचा विकास टप्प्याटप्प्याने कसा होतो याविषयी जेम्स फाउलर यांनी १९८१ मध्ये मांडलेला सिद्धान्त, हे दोन्ही जवळपास सर्वत्र शिकवले जातात. फाउलर यांच्या मांडणीवरील टीकाही त्यांच्याबरोबर येते. यांखेरीज पाळकीय समुपदेशन, कुटुंबव्यवस्था, माध्यमे व तरुण संस्कृती, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण आणि अंदाजपत्रक यांचा समावेश असतो. प्रत्यक्ष कामाचा भाग अनिवार्य असतो. विद्यार्थी एखाद्या चर्चमध्ये अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करतो आणि घडलेल्या प्रसंगांचे टिपण वर्गात चर्चेसाठी मांडतो.

या सर्वांना जोडणारा विषय म्हणजे व्यवहारलक्षी ईश्वरविज्ञान. प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीतील प्राध्यापक रिचर्ड ऑस्मर यांनी २००८ मध्ये त्याची मांडणी चार प्रश्नांत केली: काय घडते आहे, ते का घडते आहे, काय घडावयास हवे आणि त्यासाठी आपण काय करावे. उदाहरणार्थ, दृढीकरणाचा विधी झाल्यानंतर मुले चर्चमध्ये येणे थांबवतात, असे एखाद्या मंडळीत दिसते. केवळ कार्यक्रम आखण्याची सवय असलेला कार्यकर्ता थेट चौथ्या प्रश्नाकडे वळतो आणि नवे शिबिर भरवतो. या पद्धतीत विद्यार्थ्याने आधी त्या मुलांशी व पालकांशी बोलायचे असते. दृढीकरण हा विधी त्या घरांमध्ये 'शिक्षणाची समाप्ती' मानला जातो का, हे तपासायचे असते. मग त्या विधीचा मंडळीच्या श्रद्धेनुसार अर्थ काय, याचा विचार करायचा असतो. उपाय त्यानंतर येतो, आणि तो कदाचित मुलांसाठी नसून प्रौढांसाठीच असतो.

संशोधनाचा प्रभाव

एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या संशोधनाने या शिक्षणाची दिशा बदलली. समाजशास्त्रज्ञ क्रिश्चन स्मिथ यांच्या नेतृत्वाखालील 'नॅशनल स्टडी ऑफ यूथ अँड रिलिजन' या प्रकल्पात २००२-०३ मध्ये १३ ते १७ वयोगटातील ३,२९० किशोरांची दूरध्वनीवरून पाहणी करण्यात आली आणि त्यांतील २६७ जणांच्या सविस्तर मुलाखती घेण्यात आल्या. निष्कर्ष स्मिथ व मेलिंडा लंडक्विस्ट डेंटन यांच्या २००५ मधील 'सोल सर्चिंग' या ग्रंथात आले. बहुसंख्य किशोर धर्माविरुद्ध बंड करीत नव्हते. परंतु आपण काय मानतो, हे त्यांना सांगता येत नव्हते. देव आहे, माणसाने चांगले वागावे, आनंदी राहावे आणि अडचण आल्यावर देवाला हाक मारावी, एवढाच त्यांच्या श्रद्धेचा सारांश निघत होता. मुलांच्या धार्मिकतेवर सर्वाधिक प्रभाव पालकांचा असतो, हेही या संशोधनातून पुढे आले.

या प्रकल्पात सहभागी असलेल्या प्रिन्स्टनच्या प्राध्यापिका केंडा क्रीझी डीन यांनी 'ऑलमोस्ट ख्रिश्चन' (२०१०) या पुस्तकात त्याचा दोष मुलांना न देता मंडळ्यांना दिला. मुले जे शिकली, ते त्यांना मंडळीनेच शिकवले होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. कॅलिफोर्नियातील फुलर थिऑलॉजिकल सेमिनरीचे प्राध्यापक चॅप क्लार्क यांनी एका शाळेत बदली शिक्षक म्हणून वावरून किशोरांचे निरीक्षण केले. प्रौढांनी या पिढीला एकटे सोडले आहे, असा निष्कर्ष त्यांनी 'हर्ट' (२००४) या पुस्तकात मांडला. त्यापूर्वी १९८९ मध्येच स्टुअर्ट कमिंग्ज-बॉन्ड यांनी युवा विभागाला एककानी मिकी माऊसची उपमा दिली होती: मोठ्या वर्तुळाच्या कडेला जेमतेम चिकटलेले एक लहान वर्तुळ. युवा पाळक मुलांना चर्चच्या इमारतीत आणतो, पण मंडळीत आणत नाही, ही त्यामागील तक्रार होती.

यातून एक अवघड प्रश्न निर्माण होतो. पालक आणि मंडळी यांचा प्रभाव निर्णायक असेल, तर तज्ज्ञ युवा पाळक हवा कशाला? आजच्या शिक्षणक्रमांचे उत्तर असे की, त्याने मुलांचा एकमेव मित्र होण्याऐवजी प्रौढांना मुलांच्या जवळ आणावे. अर्थात अनेक चर्च अजूनही नेमणूक करताना उमेदवाराच्या भोवती मुले जमतात की नाही, हेच पाहतात.

मिनेसोटातील लुथर सेमिनरीचे प्राध्यापक अँड्र्यू रूट यांची टीका याहून मूलगामी आहे. मुलांशी मैत्री करून त्या मैत्रीच्या बळावर त्यांना धर्माकडे वळवणे, हे मैत्रीला साधन बनवणे होय, असे ते म्हणतात. त्यांचा आधार जर्मन ईश्वरविज्ञानवेत्ते डीट्रिच बॉनहोफर यांच्या विचारांचा आहे. बॉनहोफर यांनी १९३१-३२ मध्ये बर्लिनमधील कामगारवस्तीत दृढीकरणाचा वर्ग घेतला आणि त्या मुलांजवळ राहता यावे म्हणून त्याच भागात खोली घेतली. हिटलर चॅन्सेलर झाल्यानंतर दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारी १९३३ रोजी, तरुण पिढी आणि 'नेता' ही कल्पना या विषयावर त्यांचे आकाशवाणी भाषण झाले. ते पूर्ण होण्यापूर्वीच प्रक्षेपण खंडित झाले. तरुणांचे लाडके होणे आणि तरुणांना आपल्यावर अवलंबून ठेवणे यांतील सीमारेषा शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडते.

बालसुरक्षा

२००२ मध्ये 'बोस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने कॅथलिक धर्मगुरूंकडून झालेले बाललैंगिक अत्याचार आणि ते दडपण्याची व्यवस्था उघडकीस आणली. त्यानंतर हा विषय सर्वच पंथांच्या प्रशिक्षणात गंभीरपणे घेतला जाऊ लागला. एका प्रौढाने एकट्या मुलासोबत बंद खोलीत न थांबणे, खासगी संदेशांवर मर्यादा ठेवणे, स्वयंसेवकांची पूर्वचौकशी करणे आणि संशय येताच शासकीय यंत्रणेला कळवणे, हे नियम आता मूलभूत मानले जातात. अमेरिकेत कळवण्याचे कायदेशीर बंधन राज्यागणिक बदलते आणि कबुलीजबाबाच्या गोपनीयतेला काही ठिकाणी सूट असते. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा माहीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पाळक, धर्मगुरू आणि तरुण संघाचे कार्यकर्तेही त्यात येतात.

व्यवसाय म्हणून स्थिती

शिक्षणाचा खर्च आणि मिळणारे वेतन यांचा मेळ बसत नाही, ही या क्षेत्रातील जुनी अडचण आहे. लहान मंडळ्यांतील पदे बहुधा अर्धवेळ असतात, तर पदवीसाठी घेतलेले कर्ज पूर्ण रकमेने फेडावे लागते. सेमिनरी विद्यार्थ्यांच्या कर्जाचा प्रश्न इतका वाढला की, लिली एंडाउमेंट या न्यासाने २०१३ मध्ये भावी पाळकांच्या आर्थिक अडचणींवर सेमिनऱ्यांना अर्थसाहाय्य देण्याचा उपक्रम सुरू केला. युवा पाळक एका चर्चमध्ये सरासरी दीड वर्षच टिकतो, असे विधान वारंवार केले जाते. त्याला विश्वसनीय पाहणीचा आधार नाही. तथापि वारंवार होणाऱ्या बदलांचा फटका मुलांना बसतो, याबद्दल दुमत नाही. बारा वर्षांच्या मुलीला शाळा संपेपर्यंत तीन वेगवेगळे युवा पाळक लाभले, तर विश्वासाने बोलावे असा माणूस तिला मंडळीत उरत नाही.

इतर देशांत

ब्रिटनमध्ये या कामाची जडणघडण वेगळी आहे. तेथे युवाकार्य हा चर्चच्या बाहेरही मान्यताप्राप्त व्यवसाय असून १९६० च्या अल्बेमार्ल अहवालाने त्याच्या प्रशिक्षणाला चालना दिली. २०१० पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक युवा कार्यकर्त्यासाठी ऑनर्स पदवीची किमान अट आली. ईश्वरविज्ञान आणि हे व्यावसायिक शिक्षण एकत्र देणारे अभ्यासक्रम तेथे तयार झाले. मात्र त्याच सुमारास सरकारी युवासेवांवरील खर्चात मोठी कपात झाली.

कॅथलिक परंपरेत डॉन बॉस्को यांनी १८४१ मध्ये ट्युरिन येथे सुरू केलेल्या कामाचा वारसा सलेशियन संघ चालवतो. रोममधील सलेशियन परमधर्मपीठीय विद्यापीठात तरुणांतील पाळकीय कार्य हा उच्च अभ्यासाचा विषय आहे. २०१८ मध्ये तरुणांविषयी धर्माध्यक्षांची सिनड भरली आणि तिच्यावर आधारित 'ख्रिस्तुस विव्हिट' हे पोप फ्रान्सिस यांचे पत्र २०१९ मध्ये आले. त्यातील एक पूर्ण प्रकरण युवा सेवाकार्यावर आहे.

भारत व महाराष्ट्र

भारतातील प्रोटेस्टंट ईश्वरविज्ञान शिक्षणाची प्रमुख पदवीदान संस्था म्हणजे सेरामपूर महाविद्यालयाची सिनेट. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेल्या या महाविद्यालयाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळाली. संलग्न महाविद्यालयांतील बी.डी. ही पाळकीय सेवेची मुख्य पदवी असून त्यापुढे एम.टीएच. करता येते. तरुणांमधील कामाचा अभ्यास येथे सहसा ख्रिस्ती शिक्षण आणि पाळकीय समुपदेशन या शाखांच्या अंतर्गत होतो.

महाराष्ट्रात १९५३ मध्ये यवतमाळ येथे स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झाली. कॅथलिकांचे ज्ञानदीप विद्यापीठही १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथून पुण्यास आले. या दोन्ही संस्थांत देशभरातून विद्यार्थी येतात आणि शिक्षण इंग्रजीतून चालते. तरुण संघाची बैठक, गाणी आणि बायबल अभ्यास मात्र मराठी मंडळ्यांत मराठीतूनच होतात. त्यामुळे किशोरावस्थेचे मानसशास्त्र किंवा समुपदेशन इंग्रजीतून शिकलेल्या पाळकाला ती परिभाषा प्रत्यक्ष कामात स्वतःच मराठीत आणावी लागते.